'झोंबिवली': चारचौघांत नाव घ्यायला लाज वाटते, पण पुन्हा बघावासा वाटतो, असा हा सिनेमा नेमका काय आहे?

आमच्या गावाचं नाव धाड. बुलढाणा तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेलं गाव. पुण्यात मास कम्युनिकेशनला असताना ओळख करून देताना मी गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे धाड पडते ती?" भयपटाला शोभेल असं नाव आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं.

कॉलेजात आवडता सिनेमा विचारला की मी इराणी नाहीतर कोरियन दिग्दर्शकाचं नाव सांगायचो. खरं उत्तर वेगळं होतं. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून आणायचे त्या काळात माझ्या कार्डात हिंदीत डब केलेला 'अ‍ॅनाकोंडा' कायम असायचा. जागा कमी पडली तर गाणी उडवायचो, साप तसाच ठेवायचो. आणि २०२२ पासून या गुपचूप यादीत वरच्या नंबरवर आहे तो 'झोंबिवली'.

इंग्रजीत अशा आवडीला 'गिल्टी प्लेझर' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही, पण अनुभव सगळ्यांना आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना फ्रिजमागे उभं राहून खाल्लेला पेढा, तसं हे. सिनेमा 'चांगला' नाही हे आपल्याला ठाऊक असतं. तरी टीव्हीवर लागला की रिमोट खाली ठेवला जातो.

तर हा सिनेमा काय आहे, झोंबी कुठून आला, तो डोंबिवलीतच का घुसला आणि असले अतरंगी सिनेमे आपल्याला का आवडतात, ते बघू.

सिनेमाची गोष्ट, शेवट न सांगता

दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. मूकपटांच्या काळातले नानासाहेब सरपोतदार ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले हे. 'नारबाची वाडी', 'क्लासमेट्स', 'फास्टर फेणे', 'माऊली' हे त्यांचे आधीचे सिनेमे.

गोष्ट अशी. सुधीर नावाचा इंजिनीअर आणि त्याची गरोदर बायको सीमा डोंबिवलीतल्या एका नव्याकोऱ्या टॉवरमध्ये राहायला येतात. सुधीर झालाय अमेय वाघ, सीमा झालीय वैदेही परशुरामी. टॉवरच्या बाजूलाच जनता नगर नावाची झोपडपट्टी, आणि तिथला पुढारी विश्वास म्हणजे ललित प्रभाकर. एका रात्री वस्तीतली माणसं विचित्र वागायला लागतात. डोळे पांढरे, मान वाकडी, आणि जो दिसेल त्याला चावा. ज्याला चावा बसला तोही त्यांच्यातलाच होतो. टॉवरची गेटं बंद होतात. पुढे काय होतं ते सांगत नाही, फक्त एवढंच सांगतो की सगळ्याचं मूळ पाण्यात आहे.

जाहिरात 'मराठीतला पहिला झोंबीपट' अशीच झाली होती. सिनेमा आधी २०२१ साली येणार होता, कोरोनामुळे लांबला आणि २६ जानेवारी २०२२ ला लागला. तेव्हा ओमायक्रॉनची लाट चालू होती आणि राज्यात थिएटरमध्ये निम्म्याच खुर्च्या भरायला परवानगी होती. म्हणजे एका संसर्गाचा सिनेमा बघायला माणसं मास्क लावून, मधली एक खुर्ची सोडून बसली होती. असं प्रमोशन पैसे देऊनही मिळत नाही, आणि असं नुकसानही.

झोंबी हे भूत नाही

हा मुद्दा जरा नीट समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

आपल्याकडच्या भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, खवीस पडक्या वाड्यात. भुताला नाव असतं, जात असते, आणि मुख्य म्हणजे त्याचं काहीतरी म्हणणं असतं. कुणाचं लग्न राहिलेलं असतं, कुणाची जमीन भावानं खाल्लेली असते. अंगात आलेल्या बाईला आमच्याकडे पहिला प्रश्न हाच विचारतात, "कोण आहेस आणि काय पाहिजे?" मग लिंबू, नारळ, कोंबडं यावर बोलणी होतात. धाडच्याच तालुक्यात पिंपळगाव सराई इथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथं मोठी यात्रा भरते आणि 'बाहेरचं' झालंय असं समजून लोक आपल्या माणसांना लांबून घेऊन येतात. भुताशी बोलता येतं, तडजोड करता येते, हा तिथला विश्वास. मला ते पटत नाही, पण त्यामागचा हिशेब कळतो.

झोंबीशी तडजोड होत नाही. त्याला नाव नाही, मागणी नाही, राग नाही. तो कुणाचा सूड घेत नाही, चालत राहतो आणि चावतो. म्हणून तो भुतापेक्षा साथीच्या रोगासारखा जास्त वाटतो.

हा आला कुठून? हैतीमधून. फ्रेंचांच्या ताब्यातल्या त्या बेटावर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून उसाच्या मळ्यात मरेस्तोवर काम करून घेतलं जायचं. मेल्यावर तरी सुटका होईल ही एकच आशा. त्यातून ही भीती तयार झाली की मेल्यावरही कुणीतरी आपल्याला उठवेल आणि पुन्हा मळ्यात जुंपेल. मूळचा झोंबी चावत नाही, तो राबतो. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या अमेरिकन सिनेमात झोंबी साखर कारखान्यात काम करताना दिसतात. आमच्या भागातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमध्ये वाढलेल्या माणसाला यातली भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

चावणारा झोंबी आला १९६८ मध्ये. जॉर्ज रोमेरो यांनी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा कृष्णधवल सिनेमा जेमतेम पैशांत काढला. त्यात मढी का उठतात याचं एक कारण टीव्हीवरच्या बातम्यांत ऐकू येतं, ते म्हणजे शुक्र ग्रहाहून परतणाऱ्या यानातला किरणोत्सर्ग. म्हणजे शाप गेला आणि विज्ञान आलं. पुढे कुणी विषाणू आणला, कुणी औषध. आपल्याकडे २०१३ च्या 'गो गोवा गॉन' मध्ये गोव्यातल्या रेव्ह पार्टीतली एक ड्रग्जची गोळी हे कारण होतं. 'झोंबिवली'त पाणी.

डोंबिवलीच का?

नावात कोटी बसते म्हणून, हे तर आहेच. पण डोंबिवलीकरांना विचारा, ते म्हणतील आमच्याकडे आणखी वेगळं काय व्हायचं बाकी होतं?

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट रंगाचा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता रसायनांमुळे चक्क गुलाबी झाला होता. मे २०१६ मध्ये एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा एकदा झाला. दोन्ही वेळा माणसं गेली. हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता हे कुण्या लेखकानं लिहिलं असतं तर निर्मात्यानं 'जरा जास्त होतंय' म्हणून खोडलं असतं.

त्यामुळे या सिनेमाची कल्पना वरवर अचाट वाटते, पण जमीन खरी आहे. टॉवर आणि वस्ती एका भिंतीनं वेगळी झालेली, टॉवरमध्ये चोवीस तास पाणी आणि भिंतीपलीकडे हंड्यांची रांग, हे चित्र मुंबईच्या कुठल्याही उपनगरात दिसतं. सिनेमातला सगळ्यात भेदक भाग मला झोंबी येण्याआधीचा वाटतो. कोणाच्या नळाला काय येतं, ते त्यात कळतं.

मग यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

बरंच काही. उत्तरार्धात सिनेमा दमतो. माणसं पळताना मध्येच थांबून सामाजिक विषमतेवर बोलतात, आणि एवढा वेळ घाईत असलेले झोंबी त्यांचं बोलणं संपेपर्यंत मागेच राहतात. काही ठिकाणी मेकअप अंगावर येतो, काही ठिकाणी शाळेच्या गॅदरिंगची आठवण करून देतो. आणि 'अंगात आलंया' हे गाणं! सिद्धार्थ जाधव आणि झोंबी एकत्र नाचतात. जगभरातल्या झोंबीपटांच्या चाहत्यांना हे दाखवलं तर त्यांना चक्कर येईल.

पण त्या गाण्याच्या नावातच सिनेमाची खरी हुशारी आहे. झोंबी या परक्या प्राण्याला मराठीत आणायचं कसं? तर 'अंगात येणं' हा घरचा शब्द वापरून. वस्तीतल्या एखाद्या बाईनं पहिला झोंबी बघितला तर ती 'विषाणू' म्हणणार नाही, ती म्हणेल याच्या अंगात आलंय. घरकाम करणाऱ्या बाईच्या भूमिकेत तृप्ती खामकर आहे, आणि माझ्या मते अख्ख्या सिनेमात सगळ्यात कमी घाबरणारं माणूस तेच आहे. आयुष्यभर दोन घरची धुणीभांडी करून लोकल पकडलेल्या बाईला झोंबी काय घाबरवणार!

अमेय वाघचं भेदरलेपण खरं वाटतं, आणि हीच या प्रकारच्या सिनेमाची अट आहे. गोष्ट कितीही अचाट असू द्या, नटानं प्रेक्षकाकडे बघून डोळा मारायचा नाही. त्यानं मनापासून घाबरायचं.

'झपाटलेला' आठवा. १९९३ साली महेश कोठारे यांनी 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमाची कल्पना उचलली आणि एका गुंडाचा आत्मा बाहुल्यात घातला. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, रामदास पाध्ये यांची बाहुली, लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या. कागदावर हे वाचलं तर हसू येतं. तरी माझ्या पिढीतली अर्धी मुलं त्या बाहुलीमुळे रात्री एकटी बाथरूमला जात नव्हती. कारण प्रभावळकर त्यात विनोद करत नाहीत. तो माणूस खरोखर खून करायला निघाला आहे असंच ते वागतात. आज तात्या विंचूचे मीम टाकणाऱ्यांपैकी निम्मे लोक आपली जुनी भीती लपवत असतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाहेरच्या जगात या जातीचा राजा म्हणजे १९८५ चा 'लाइफफोर्स'. हॅलेच्या धूमकेतूत एक यान सापडतं, त्यात काचेच्या पेट्यांमध्ये तीन सुंदर नग्न माणसं झोपलेली असतात, त्यांना पृथ्वीवर आणलं जातं आणि ती लंडनची प्राणशक्ती शोषून घेतात. दिग्दर्शक टोब हूपर. या माणसानं १९७४ मध्ये 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' हा भयपट अगदी कमी पैशांत काढून नाव कमावलं होतं. इथे त्याच्या हातात सुमारे अडीच कोटी डॉलर्स आले आणि त्यानं ते सगळे पडद्यावर उधळले. अमेरिकेत सिनेमा आपटला. पण आजही त्याचे चाहते आहेत, कारण एवढ्या महागड्या वेडेपणाला पैसे द्यायला आता कुणी निर्माता धजावणार नाही. अतिरेक करताना तो कुठेही घाबरत नाही, आणि बघणाऱ्याला त्याचंच सुख होतं.

समीक्षक सुसान सोंटॅग यांनी १९६४ मध्येच 'कॅम्प' नावाच्या या अभिरुचीवर निबंध लिहिला होता. त्यांचा एक मुद्दा असा की जाणूनबुजून वेडपट केलेल्या गोष्टीपेक्षा मनापासून गंभीर होऊन फसलेली गोष्ट जास्त गोड लागते. 'झोंबिवली' या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. अर्धा वेळ त्याला आपण विनोदी आहोत हे माहीत असतं, अर्धा वेळ तो विसरतो. मला तो विसरतो तेव्हा जास्त आवडतो.

असं खरंच होऊ शकतं का?

मेलेला माणूस उठणं शक्य नाही. पण चावल्यानं पसरणारा, माणसाला आक्रमक करणारा आणि पाण्याची भीती घालणारा रोग आपल्या गल्लीत आहे. तो म्हणजे रेबीज. झोंबीच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळचा खरा रोग हाच. विषाणू चाव्याच्या जागेवरून नसांमधून मेंदूकडे जातो आणि लाळेत उतरतो. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य. पण त्याआधी लस घेतली तर हा रोग पूर्ण टाळता येतो. कुत्रा चावला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची लावायची नाही, मंत्र मारणाऱ्याकडे जायचं नाही. सिनेमात चावा बसलेला माणूस संपला. खऱ्या आयुष्यात त्याच्याकडे वेळ असतो, आणि तो वेळ मांत्रिकाच्या ओट्यावर जातो तेव्हा त्रास होतो.

मुंग्यांमध्ये तर चक्क झोंबी असतात. ओफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी मुंगीच्या शरीरात शिरते, तिला झाडावर ठरावीक उंचीपर्यंत चढवते, पानाला घट्ट चावायला लावते आणि मग तिच्या डोक्यातून कोंब काढते. माणसाला ती काही करत नाही. निश्चिंत राहा.

आणि आमच्या जिल्ह्याचं काय?

बुलढाणा जिल्ह्यात सायन्स फिक्शन लिहायला लेखक लागत नाही. लोणारला आकाशातून उल्का पडून तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. जून २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनच्या दिवसांत, त्याचं पाणी गुलाबी झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर जगबुडीपासून परग्रहवासीयांपर्यंत सगळं येऊन गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासल्यावर खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यामागे आहेत असं कळलं.

ते बघायला गंमत होती. डिसेंबर २०२४ अखेर जे सुरू झालं त्यात गंमत नव्हती. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात यायला लागले. आधी खाज, मग तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, शाळकरी मुली. सोशल मीडियानं एका दिवसात 'टक्कल व्हायरस' असं बारसं केलं. आधी शाम्पूवर संशय आला, मग पाण्यावर. पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेट जास्त निघालं आणि सगळ्यांना वाटलं, सापडलं. शेजारच्या गावचे लोक या गावांतल्यांपासून लांब बसायला लागले. आयसीएमआरचं पथक आलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी वेगळंच बोट दाखवलं. रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचं प्रमाण जास्त होतं आणि ते रेशनच्या गव्हातून आलं असावं, असं त्यांच्या तपासण्यांतून पुढे आलं. म्हणजे संसर्ग नव्हताच. चावा नाही, विषाणू नाही. रांगेत उभं राहून घरी आणलेलं धान्य.

या गावांकडे बोट दाखवून 'झोंबी' म्हणणारे रील मी त्या महिन्यात बघितले. त्यातल्या एकाला हसलोही होतो. नंतर कळलं की रीलमध्ये दिसणारी मुलगी बारावीला होती.

'झोंबिवली' त्यानंतर पुन्हा बघितला तेव्हा टॉवरच्या गेटचा प्रसंग तितका मजेदार वाटला नाही. वस्तीतून येणारा प्रत्येक माणूस झोंबीच असणार असं समजून गेट बंद करणारे रहिवासी त्यात आहेत. आधी मी त्या प्रसंगात कॅमेरा कुठे लावलाय ते बघत होतो.

पुढे काय झालं?

सरपोतदार नंतर हिंदीत गेले. २०२४ मध्ये त्यांचा 'मुंज्या' आला. कोकणातल्या मुंजाची ही गोष्ट, म्हणजे पुन्हा पत्ता आणि मागणी असलेलं आपलं भूत, ज्याला काहीही करून लग्न करायचं आहे. हिंदी सिनेमानं शंभर कोटींच्या पुढे कमाई केली. पाठोपाठ 'काकुडा' आला, २०२५ मध्ये 'थामा'. यातला कुठलाही सिनेमा 'झोंबिवली'पेक्षा जास्त सफाईदार आहे. पण भिंतीपलीकडच्या नळाला काय येतं, हे विचारायच्या भानगडीत ते पडत नाहीत. मराठीत झोंबी पुन्हा एवढ्या थाटात आलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला धाडला गेलो होतो. रात्री लॅपटॉपवर हाच सिनेमा लावला, आई भाजी निवडत शेजारी बसली. तिनं झोंबीकडे फारसं लक्ष दिलं नाही. मध्यांतराच्या आसपास तिनं विचारलं, "त्या टावरवाल्यांले पाणी कोणतं येते रे, टँकरचं का जारचं?" मी सांगायला लागलो तेवढ्यात ती उठली, कारण सकाळी जारवाला येणार होता आणि रिकामा जार बाहेर ठेवायचा राहिला होता.